बेडूक, हत्ती आणि आमची गाडी



मागच्या लेखात पावसाळ्यातल्या पिठाच्या मर्यादेबद्दल लिहिलं होतं. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. त्यावर बऱ्याच जणींनी कळवलं की आमच्याकडे अजून पाळतात, सुना कुरकुरतात पण पाळतात. वाचून बरं वाटलं. आज मात्र थोडं बोचणारं लिहिणार आहे, आणि ते आधी मलाच बोचलेलं आहे.

विषय बेडकाचा आहे. हसू नका.

येत्या आषाढातल्या तिसऱ्या रविवारी आमच्या महिला मंडळाची वर्षासहल आंबोलीला ठरली आहे. मंडळाचा जमाखर्च गेली नऊ वर्षं मी बघते, त्यामुळे बसची पावती माझ्याच हातची आहे. कार्यक्रम असा छापला गेलाय: सकाळी सहाला सांगलीहून निघायचं, धबधबा, हिरण्यकेशी, दुपारचं जेवण, मग कावळेसाद, चहा, अंताक्षरी, आणि रात्री साडेसातला परत निघायचं. माझं म्हणणं आहे की साडेसातला निघायचं नाही. दुपारी तीनला निघायचं. का, ते सांगते.

गेल्या वर्षी आषाढातच आम्ही घरची मंडळी आंबोलीला गेलो होतो. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि मी. अष्टान्हिक पर्व चालू होतं, मला जायचं नव्हतं खरं तर, पण मुलाला तोच रविवार मोकळा होता. जिथे उतरलो ते घरगुती राहण्याजेवण्याचं ठिकाण होतं. स्वयंपाकघराच्या मागे सिमेंटची पाण्याची टाकी, तिच्यावर झुकलेली एक फांदी, आणि त्या फांदीला फेसाचा एवढा मोठा गोळा चिकटलेला. रिठे घुसळल्यावर येतो तसा, पण घट्ट. मला वाटलं कुणीतरी भांडी घासताना साबण उडवलाय. मी फडकं घेऊन पुसायला पुढे झाले तशी तिथल्या वहिनी धावत आल्या. ‘आज्जी, नको, बेडकाची अंडी आहेत ती. दरवर्षी असतात.’

बेडकाची अंडी झाडावर? माझ्या डोक्यात बेडूक म्हणजे डबकं. मग त्यांच्या मुलानं, कॉलेजात शिकतो तो, आम्हाला सगळं नीट सांगितलं. घरी आल्यावर मी आणखी वाचलं.

हा सह्याद्रीतला झाडावर राहणारा बेडूक. मलबारी उडता बेडूक म्हणतात. पश्चिम घाट सोडून जगात दुसरीकडे कुठेही नैसर्गिकरीत्या सापडत नाही. डॉक्टर जर्डन नावाच्या इंग्रजानं १८७० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली, पण तो तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेच. दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे आपल्या तळहाताएवढा. अंग विड्याच्या पानासारखं हिरवं. पाय मिटून बसला की खरोखर पानच वाटतो. पण हलला की बोटांमधले पडदे दिसतात, केशरी-लाल, नवीन शालूच्या काठासारखे. उडता म्हणजे पक्ष्यासारखा उडत नाही. उंच फांदीवरून उडी घेतो, चारी पायांचे पडदे पसरतो आणि तरंगत दुसऱ्या झाडावर जातो. दहा मीटरच्या आसपास जातो म्हणतात, म्हणजे आमच्या बस्तीच्या दारापासून मानस्तंभापर्यंत.

आणि तो फेस. मादी अंडी घालताना अंगातून एक द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळते. अगदी ताक घुसळल्यासारखा. त्या फेसात अंडी. आजूबाजूची पानं ओढून त्याला आवरण. बाहेरून फेस जरा वाळतो, आत ओल टिकते. हे सगळं अशा फांदीवर करायचं की जिच्या बरोबर खाली पाणी आहे. डोंगरातला ओहोळ साचून झालेलं डबकं, नाही तर अशी टाकी. काही दिवसांनी अंड्यांतून पिल्लं निघतात आणि पावसाच्या धारेबरोबर टपटप खाली पाण्यात पडतात. फांदी हातभर बाजूला असती तर सगळी दगडावर पडली असती. मी चाळीस वर्षं संसार केला, तीन बाळंतपणं काढली, पण इतकं मोजूनमापून मी काही केल्याचं आठवत नाही.

नात तर टाकीपाशीच बसून राहिली. कावळेसादलाही आली नाही.

आता परतीचं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या अभिषेकाचा सवाल आम्ही घेतला होता. मुलगा म्हणाला, रात्र इथेच काढू, पहाटे निघू. मीच ऐकलं नाही. पहाटे निघून वेळेत पोहोचलो नाही तर? मान आपला, आणि आपणच हजर नाही? मी इतकी टुमणं लावली की अंधार पडल्यावर, भर पावसात, आम्ही निघालो.

आंबोलीतून आजऱ्याकडे येताना काही भाग दाट झाडीचा आहे. गाडीच्या दिव्यांत रस्त्यावर पानं उडताना दिसत होती. पुढे बसलेली नात म्हणाली, ‘आज्जी, पानं बघ कशी उड्या मारतायत.’ मग एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ‘बाबा, थांबा. बेडूक आहेत.’

मुलानं गाडी थांबवली. खाली उतरून मोबाईलच्या उजेडात पाहिलं. पुढे पाहिलं, आणि मागेही पाहिलं. मागचं इथे लिहीत नाही. किती होते ते मोजलं नाही. मी आयुष्यभर हिशेब लिहिलेली बाई, पण तो हिशेब मला करवला नाही.

बहुतेक साधे तपकिरी बेडूक होते. एक हिरवा होता, रस्त्याच्या मधोमध, जिवंत. झाडावरून ही मंडळी खाली येतात ती याच दिवसांत, पाण्यापाशी जोडीदार शोधायला. पाऊस पडला, अंधार झाला, की निघतात. ओहोळ रस्त्याच्या एका बाजूला आणि रान दुसऱ्या बाजूला असेल तर मधला डांबराचा पट्टा त्यांना ओलांडावाच लागतो. त्यांच्या दृष्टीनं तो रस्ता नाहीच. तो आपला त्यांच्या वाटेवर आलेला दगड.

यानंतर मी जे केलं ते अजून आठवतं. नातवानं तो हिरवा बेडूक उचलला आणि म्हणाला, घरी नेऊ, वाचवू. मी हो म्हणाले. पुण्यच वाटलं मला. मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा रिकामा केला, सेफ्टी पिनेनं झाकणाला भोकं पाडली. सांगलीला आल्यावर त्याला आडापाशी कढीपत्त्याच्या झाडावर सोडलं. सकाळी अभिषेकाला वेळेत पोहोचलो. तिसऱ्या दिवशी तो टाकीखाली सापडला. वाळून गेला होता, हिरवा रंगही राहिला नव्हता.

त्याच्या त्वचेतून तो पाणी पितो, श्वाससुद्धा काही अंशी त्वचेतूनच घेतो, हे मला नंतर कळलं. आपल्या हाताला मीठ, साबण, डास न चावायचं मलम, काय काय असतं. आंबोलीत आठवडाच्या आठवडा सूर्य दिसत नाही, सगळीकडे धुकं आणि ओल. त्याला आम्ही उसाच्या मुलखात आणून सोडलं आणि त्याला जीवदया म्हटलं.

मैत्रिणींनो, हे मला आधी कळायला हवं होतं, आणि ते पुस्तकातून नव्हे. माझ्या सासूबाई आडाचं पाणी गाळून घ्यायच्या. गाळून झालं की गाळण्याची आतली बाजू बाहेर करून, वरून पाणी घालून, त्यातले जीव त्याच आडात, अलगद, पाण्याला भांडं टेकवून सोडायच्या. महाराज याला हिंदीत ‘जीवानी’ म्हणतात. एकदा मी नवीन असताना ते पाणी शेजारच्या नाल्यात ओतलं, तर केवढं बोलल्या मला. ‘ज्या पाण्यातले त्याच पाण्यात. दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत.’ वीस वर्षं मी ते केलं. नळ आल्यावर सुटलं. आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचा नियम तळहाताएवढ्या जिवाला लावायचं मात्र मला सुचलं नाही. रस्त्याच्या पलीकडे, तो ज्या दिशेला तोंड करून होता त्या दिशेला, ओल्या पानावर घेऊन ठेवायचं होतं. तेवढंच.

शास्त्रज्ञही आज हेच सांगतात, शब्द वेगळे. बेडकांच्या त्वचेला होणारा एक बुरशीचा रोग आहे, त्यानं जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती संपल्या. तो पसरायला माणसानं बेडूक इकडचे तिकडे नेले हेही कारण झालं. तेव्हा पर्वात जीवदयेच्या नावानं विकत घेऊन कुठलेही जीव कुठेही सोडणाऱ्या आपल्या बायकांनीही जरा विचार करावा. यावर वेगळं लिहीन, नाही तर हा लेख लांबेल.

आता ती कथा. राजगृहीतल्या बेडकाची. तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे, पाठशाळेत मी स्वतः शिकवली आहे. नागदत्त शेठ मरून आपल्याच घरच्या बावडीत बेडूक झाला. भगवान महावीरांचं समवसरण विपुलाचलावर आलं, राजा श्रेणिक लवाजम्यासह निघाला, सगळं नगर निघालं, आणि हा बेडूकही तोंडात कमळाची पाकळी धरून पूजेला निघाला. वाटेत श्रेणिकाच्या हत्तीच्या पायाखाली आला. पूजेचा भाव मनात होता म्हणून मरून देव झाला, मुकुटावर बेडकाचं चिन्ह असलेला देव. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी पूजेचं माहात्म्य सांगताना याचाच दाखला दिला आहे.

ही कथा ऐकताना मी नेहमी बेडकाच्या बाजूनं ऐकली. एवढासा जीव आणि केवढी भक्ती, डोळ्यांत पाणी यायचं. त्या रात्रीनंतर पहिल्यांदा मनात आलं की त्या वाटेवर हत्तीही होता. आणि तोही पूजेलाच निघाला होता. मी अभिषेकाला वेळेत पोहोचले ती त्या हत्तीवर बसून.

सुनेला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, ‘आई, तुमचा मारायचा भाव कुठे होता? भाव नाही तर पाप नाही.’ ती माझी समजूत घालत होती, आणि तिचं अर्धं बरोबरही आहे. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद हा शब्द मुद्दाम घातला आहे. मुनिमहाराज चार हात जमीन बघत, दिवसाउजेडी, पाऊल जपून टाकत चालले असताना एखादा जीव पायाखाली आला तर त्यांना दोष लागत नाही, असं कुंदकुंद आचार्य सांगतात. ही सूट ईर्यासमिती पाळणाऱ्याला आहे. काचा वर करून, गाणी लावून, रात्रीच्या पावसात साठच्या वेगानं जाणाऱ्या माझ्यासारखीला ती कशी लागू होईल?

आणि महाराज तर या चार महिन्यांत विहारच करत नाहीत. आषाढ शुद्ध चतुर्दशीला वर्षायोगाची स्थापना होते, ते थेट दिवाळीपर्यंत एका जागी. का? पाऊस पडला की जमिनीवर जीव वाढतात, चालायला निर्जंतुक वाट उरत नाही म्हणून. आपण त्यांच्या स्थापनेला मिरवणूक काढतो, कलशाचे सवाल घेतो, आणि त्याच आठवड्यात पावसाळी सहलीच्या बसेस ठरवतो. म्हणजे हातात पिंछी घेऊन अनवाणी चालणाऱ्यानं जीव जातील म्हणून थांबायचं, आणि सहा चाकांवरून जाणाऱ्यांनी निघायचं. यात मला आता विनोद दिसेनासा झालाय.

एक बाई मला म्हणाल्या, ‘त्या रस्त्यावरून रोज शेकड्यानं ट्रक जातात, आपल्या एका बसनं काय होतंय?’ बी.कॉम. झालेल्या बाईला हा प्रश्न आवडतो. ट्रकवाल्याचा तो पोटाचा धंदा आहे. घाटाखालच्या गावाचं दूध, भाजी, आजारी माणूस त्याच रस्त्यानं जाणार. श्रावकाला संसारात काही हिंसा टळत नाही, हे आपलं शास्त्रही मान्य करतं. पण आपली अंताक्षरी ही कुणाच्या पोटाची गरज आहे? कारणावाचून झालेली हिंसा आपल्याकडे वेगळ्या खात्याला लिहिली आहे, अनर्थदंड. त्यातच प्रमादचर्या येते, उगाच हिंडणंफिरणंही त्यातच येतं. गुणव्रतांची नावं आपण घडाघडा म्हणतो. दिग्व्रत, देशव्रत. अमुक दिवसांत अमुक हद्दीपलीकडे जाणार नाही, हा त्यांचा अर्थ. मंडळातल्या निम्म्या जणी चातुर्मासात पालेभाजी सोडतात. चांगलंच आहे, मीही सोडते. पण मेथीच्या पानावरच्या अळीची काळजी करणाऱ्यांनी पंचेंद्रिय जीव चाकाखाली घ्यायचे, हा जमाखर्च कुठल्या वहीत जुळत नाही.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत देशाच्या निर्यातीच्या यादीत बेडकाचे पायही असायचे. शिकवणारे सर घाईनं ती ओळ ओलांडायचे आणि आम्ही जैन मुली माना खाली घालायचो. ते भातखाचरातले मोठे बेडूक. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. बेडूक गेले की पिकावर कीड वाढते, औषधं फवारावी लागतात, हा मुद्दा त्या वेळी बराच गाजला होता. तेव्हा आम्हाला वाटलं, चला, परदेशातल्या लोकांनी खायचं बंद झालं, आता आपला काही संबंध नाही. संबंध असा संपत नसतो.

सहल बंद करा असं मी म्हणत नाही. मी स्वतः जाणार आहे. आंबोलीला त्या लोकांची चूल पाहुण्यांवर चालते. आणि बघितल्याशिवाय माया येत नाही, मलाही ती टाकी बघूनच आली. हिरण्यकेशीला बघा, महादेवाच्या देवळापाशी उगमाच्या पाण्यात राहणाऱ्या एवढ्याशा माशासाठी सरकारनं २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटभर माशासाठी हे होऊ शकतं. मग आपण साडेचार तास आधी निघू शकत नाही?

आणि आपल्याला जड तरी काय आहे? आपण सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या. ज्यांना रात्री ढाब्यावर बसायचंय त्यांना उशीर हवा असतो, आपल्याला कशाला?

तर माझा प्रस्ताव असा. सकाळी सहाऐवजी पाचला निघायचं, म्हणजे आजऱ्याच्या पुढच्या रानातून जाताना लख्ख उजाडलेलं असेल. तिथून तीनला परत. संध्याकाळचे डबे बरोबर, सहाच्या सुमाराला कोल्हापूरच्या अलीकडे बस थांबवून जेवायचं. अंताक्षरी बसमध्ये. टाकीपाशी, ओहोळापाशी कुणी काही उचलायचं नाही, फोटोसाठी फांदी वाकवायची नाही, फेस दिसला तर पुसायचा नाही. खर्चाचं विचाराल तर चालकाचा रात्रीचा भत्ता वाचतो, तो मी वहीत वजा दाखवीन.

अध्यक्षबाईंशी बोलणं झालंय. त्या म्हणाल्या, कावळेसादचं धुकं दुपारनंतरच छान असतं, तीनला निघालो तर बायका नाराज होतील. चार म्हणूया का, असं त्यांनी विचारलं. आजऱ्याच्या अलीकडे येईपर्यंत उजेड राहील का याचा हिशेब मी केला. कोरड्या दिवशी राहील. आषाढात ढग उतरले की पाचलाच दिवे लावावे लागतात. म्हणून मी तीनवर अडून बसले आहे. शेचाळीस नावं आली आहेत. ज्यांना वेळेचा बदल चालणार नाही त्यांनी गुरुवारपर्यंत मला फोन करा, पैसे परत देते. नात यंदाही येणार म्हणते आहे. तिनं डबा घेतलेला नाही, फक्त छत्री घेतली आहे.